रिकामी दिसणारी यंत्रे आणि भरलेले पूल

वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरील कंटेनर क्लस्टर

कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या साहित्यासह बांधलेले प्रोग्रॅम, अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीविषयी या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : ज्या यंत्रांवर कंटेनर प्रत्यक्ष चालतात, त्या यंत्रांच्या गटांचा कारभार कसा पाहायचा? उत्तरांकडे वळण्यापूर्वी शब्द पक्के करून घेऊ. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र राबणाऱ्या यंत्रांच्या संचात, एक नियंत्रक भाग असतो, जो कोणते काम कुठे चालवायचे हे ठरवतो, आणि राबणारी यंत्रे असतात, त्यांना नोड म्हणतात. नोडवर पॉड चालतात. पॉड म्हणजे एकत्रच राहणाऱ्या एका किंवा अधिक कंटेनरांची जुडी. सारख्या आकाराच्या आणि सारख्या मांडणीच्या नोडांच्या गटाला गुगल आणि मायक्रोसॉफ्ट ‘नोड पूल’ म्हणतात, तर ॲमेझॉन ‘नोड ग्रुप’ म्हणते. गुगलने २०१४ साली जाहीर केलेल्या या प्रणालीचे नाव ग्रीक भाषेतले असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेल. फरक इतकाच की तांडेलाला आपला प्रत्येक खलाशी नावानिशी ठाऊक असतो, आणि कुबरनेटिसमध्ये एखाद्या नोडला नावाने ओळखायची वेळ आली तर कुठेतरी काहीतरी चुकले आहे असे समजावे.

प्रश्न : आमची घाऊक व्यापाऱ्यांच्या मालाचा माग ठेवणारी छोटी सेवा आहे. गुगलच्या मुंबई विभागात प्रत्येकी ८ जीबी मेमरीच्या ४ यंत्रांचा एक पूल आहे आणि त्यावर यंत्रांची संख्या गरजेप्रमाणे आपोआप वाढवणारा-घटवणारा ऑटोस्केलर सुरू आहे. आलेखात मेमरीचा वापर ३० टक्क्यांच्या आसपास दिसतो. तरीही नववा पॉड सुरू करताच तो ‘पेंडिंग’मध्ये, म्हणजे जागेची वाट पाहत, अडकतो आणि पाचवे यंत्र येते. ते रात्रीसुद्धा परत जात नाही. पॉड जावाचे आहेत, प्रत्येकाची मागणी २ जीबी लिहिलेली आहे, प्रत्यक्ष वापर ७०० एमबीपर्यंत जातो. यंत्रे रिकामी असताना नवे यंत्र का येते? (चिंचवड)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य हेच उत्तर आहे, पण ते उलगडून सांगतो, कारण ही गफलत मी जितक्या क्लस्टरांमध्ये पाहिली आहे तितकी दुसरी कोणतीच नाही.

पॉड कुठे बसवायचा हे ठरवणारा शेड्युलर प्रत्यक्ष वापराकडे पाहतच नाही. तो पाहतो पॉडच्या व्याख्येत लिहिलेल्या मागणीकडे, म्हणजे ‘रिक्वेस्ट’कडे. एखाद्याने लग्नासाठी २०० पाने सांगून ठेवावीत आणि पंगतीला ७० माणसे बसावीत, तसे आपले झाले आहे. आचारी २०० पानांचाच स्वयंपाक करणार.

आता हिशोब मांडू. ८ जीबीच्या यंत्रावर सगळे ८ जीबी पॉडांच्या वाट्याला येत नाहीत. गुगलच्या क्लस्टरमध्ये पहिल्या ४ जीबीचे २५ टक्के, म्हणजे १ जीबी, आणि पुढच्या ४ जीबीचे २० टक्के, म्हणजे ०.८ जीबी, यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवले जातात. त्याखेरीज मेमरी संपत आल्यावर पॉड वेळीच बाहेर काढता यावेत म्हणून आणखी सुमारे १०० एमबी बाजूला काढलेले असतात. उरतात ६.१ जीबी. प्रत्येक नोडवर नोंदी गोळा करणारे, मोजमाप करणारे आणि जोडणी सांभाळणारे जे पॉड असतात, त्यांची मागणी अर्धा जीबी धरू. राहिले ५.६ जीबी. त्यात २ जीबीचे दोनच पॉड बसतात आणि १.६ जीबी जागा वाया जाते. चार यंत्रांवर आठ पॉड, आणि नवव्याला कुठेच जागा नाही. प्रत्येक यंत्रावर १.६ जीबी मोकळी असली तरी चार यंत्रांवरचे तुकडे जोडून एक पॉड बसवता येत नाही.

ऑटोस्केलरसुद्धा वापराचा आलेख पाहून नवे यंत्र मागवत नाही. जागेअभावी अडकलेला पॉड दिसला की तो यंत्र मागवतो. आपले पाचवे यंत्र आले ते असे.

ते रात्री का जात नाही, हे त्याहून मजेदार आहे. मूळ ऑटोस्केलरच्या ठरलेल्या मांडणीत, नोडवरची एकूण मागणी त्याच्या क्षमतेच्या ५० टक्क्यांहून कमी असेल आणि ती स्थिती १० मिनिटे टिकली, तर तो नोड काढण्यायोग्य मानला जातो. आपल्या पहिल्या चार यंत्रांवर मागणी आहे साडेचार जीबी, म्हणजे ६.१ पैकी जवळपास ७४ टक्के. ती चार यंत्रे ऑटोस्केलरच्या लेखी गच्च भरलेली आहेत. पाचव्या यंत्रावर एकच पॉड आहे, तिथली मागणी अडीच जीबी, म्हणजे ४१ टक्के. हे यंत्र काढण्याच्या यादीत येते, पण काढण्याआधी त्यावरच्या पॉडला दुसरीकडे जागा मिळेल का हे पाहिले जाते, आणि इतर चारही यंत्रांवर मोकळी आहे फक्त १.६ जीबी. दोन जीबीचा पॉड तिथे मावत नाही. म्हणून पाचवे यंत्र राहते, रात्र असो वा दिवस.

उपाय नव्या पुलाचा नाही, मागणीचा आकडा सुधारण्याचा आहे. दोनेक आठवड्यांच्या वापराचे शिखर पाहा, त्यात महिनाअखेरीचा दिवस जरूर धरा, आणि मागणी त्याच्या थोडी वर ठेवा. ७०० एमबी हे खरोखरच शिखर असेल तर १.१ जीबी पुरे, आणि मग एका यंत्रावर पाच पॉड बसतात. नऊ पॉड दोन यंत्रांवर मावतील, पण मी तीन ठेवीन, कारण दोनपैकी एक यंत्र गेले तर उरलेल्यावर सगळे बसणार नाहीत. प्रोसेसरच्या मागणीचाही असाच हिशोब करा, नाहीतर मेमरीची जागा सापडेल आणि प्रोसेसर आडवा येईल. मागणी उगाच खाली ओढूही नका. यंत्रावरची मेमरी खरोखर संपत आली की आपल्या मागणीपेक्षा जास्त मेमरी घेऊन बसलेले पॉड आधी बाहेर काढले जातात. जावाच्या बाबतीत हीपची, म्हणजे प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतो त्या मेमरीची, कमाल मर्यादा स्वतः ठरवून द्या, आणि कंटेनरची लिमिट, म्हणजे त्याला वापरता येणारी कमाल मेमरी, हीपपेक्षा पुरेशी वर ठेवा, कारण जावाला हीपबाहेरही मेमरी लागते.

आकडे सुधारल्यावरही यंत्र हलत नसेल तर त्यावर कोणता पॉड बसला आहे ते पाहा. कोणत्याही डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे गेलेला पॉड पुन्हा उभा करणाऱ्या व्यवस्थेच्या, छत्राखाली नसलेला, कुणीतरी तपासणीसाठी हाताने सुरू करून विसरलेला एक पॉड आख्खे यंत्र अडवून ठेवू शकतो. पॉडवर ‘सेफ-टू-इव्हिक्ट’ला, म्हणजे ‘हलवला तर चालेल का’ला, ‘नाही’ असे लिहिलेले असेल किंवा पुलाची किमान संख्याच पाच ठेवलेली असेल, तरी तेच होते.

याच वाचकांनी पुढे विचारले आहे की चार लहान यंत्रांऐवजी ३२ जीबीचे एक मोठे यंत्र घेतले तर? वरच्या पद्धतीनेच हिशोब करा, फक्त ८ जीबीच्या पुढे राखीव भागाचा दर उतरतो : पुढच्या ८ जीबीचे १० टक्के आणि त्यापुढचे ६ टक्के. त्या यंत्रातले सुमारे २८.३ जीबी पॉडांना मिळतात, तर चार लहान यंत्रांतले मिळून २४.४. म्हणजे सुमारे ४ जीबीचा फायदा, शिवाय प्रत्येक नोडवर चालणारे ते देखभालीचे पॉड चारऐवजी एकदाच. पण ते यंत्र बंद पडले की दुकानच बंद. मध्यम आकाराची तीन यंत्रे हा मला दोन्हींमधला शहाणा मार्ग वाटतो.

प्रश्न : क्लस्टर तयार करताना यंत्रांची संख्या ३ ठेवली होती. बिलात ९ यंत्रे दिसतात. चूक कुणाची? (ठाणे)

उत्तर : कुणाचीच नाही. आपण गुगलवर विभागीय, म्हणजे ‘रीजनल’ प्रकारचा क्लस्टर घेतलेला दिसतो. तिथे नोडांची संख्या प्रत्येक झोनमागे, म्हणजे विभागातल्या प्रत्येक स्वतंत्र भागामागे, मोजली जाते, आणि विभागात साधारणपणे तीन झोन घेतले जातात. तीन त्रिक नऊ. संख्या १ करा, एकूण तीन यंत्रे राहतील. ऑटोस्केलरच्या किमान-कमाल मर्यादाही प्रत्येक झोनमागे आहेत की एकूण, हे तपासून घ्या. तिथे दोन्ही पर्याय आहेत आणि त्यांची नावे फसगत व्हावी इतकी सारखी आहेत.

प्रश्न : ॲमेझॉनवर आमचे दोन नोड ग्रुप आहेत. एक नेहमीचा, दुसरा स्वस्तातल्या, पण ॲमेझॉन कधीही परत घेऊ शकते अशा, स्पॉट यंत्रांचा. रात्री हजारो बीजकांच्या पीडीएफ तयार करण्याचे काम स्पॉट गटावर जावे म्हणून त्या गटाला टेंट लावला आणि त्या कामाला टॉलरेशन दिले. तरी निम्मे पॉड नेहमीच्या गटावरच पडतात. (डोंबिवली)

उत्तर : आपण डोंबिवलीचे आहात, तेव्हा लोकलचेच उदाहरण घेतो. टेंट म्हणजे डब्यावर लावलेली ‘महिलांसाठी राखीव’ ही पाटी. टॉलरेशन म्हणजे त्या डब्यात चढण्याची मुभा. पण मुभा असलेली बाई साध्या डब्यात चढू शकत नाही असे थोडेच आहे? ती समोर जो डबा येईल त्यात चढते. आपले पॉडही तेच करत आहेत. टेंटने इतरांना बाहेर ठेवले, टॉलरेशनने यांना आत येऊ दिले, आणि यांनी तिथेच जावे असे कुणी सांगितलेच नाही.

ते सांगण्यासाठी नोड-सिलेक्टर किंवा नोड-ॲफिनिटी लिहावी लागते. ॲमेझॉन आपल्या व्यवस्थापित स्पॉट गटांतल्या यंत्रांना ‘कपॅसिटी-टाइप स्पॉट’ असे लेबल आपोआप लावते, त्यावर नेम धरता येतो. टेंट मात्र ॲमेझॉनवर आपला आपणच लावावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरमध्ये स्पॉट पुलाला लेबल आणि टेंट दोन्ही आपोआप लागतात, त्यामुळे तिकडून इकडे आलेली मंडळी येथे हमखास घसरतात.

ॲफिनिटी ‘आवश्यक’ ठेवायची की ‘शक्यतो’, हा आपल्या धंद्याचा प्रश्न आहे. आवश्यक ठेवली आणि त्या रात्री स्पॉट यंत्रे मिळाली नाहीत, तर बीजके सकाळपर्यंत तशीच पडून राहतील. व्यापाऱ्याला बीजक सकाळी नऊला हवेच असेल तर ‘शक्यतो’ लिहा आणि एखाद्या रात्रीचे जास्तीचे बिल सोसा. स्पॉट गटाला एकच प्रकारचे यंत्र देऊ नका. प्रोसेसर आणि मेमरी सारखीच असलेले चार-पाच प्रकार यादीत द्या. एका प्रकाराचा तुटवडा पडला तर दुसरा मिळतो, आणि आकार सारखा असल्यामुळे ऑटोस्केलरचा अंदाजही चुकत नाही.

यंत्र काढून घेण्यापूर्वी ॲमेझॉन दोन मिनिटांची सूचना देते. गुगल आणि मायक्रोसॉफ्टकडे ती ३० सेकंदांचीच असते. पॉड बंद होण्यासाठी मिळणारा ठरलेला अवधीही ३० सेकंदांचा आहे, आणि आपण जर तो वाढवून पाच मिनिटे केला असेल तर तो आकडा स्पॉट यंत्रावर कागदावरच राहतो. एका पॉडला हजार बीजकांचा गठ्ठा देण्याऐवजी पन्नास-पन्नासांचे गठ्ठे रांगेत ठेवा, म्हणजे यंत्र गेले तरी पन्नासच पुन्हा करावी लागतील.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या सेंट्रल इंडिया विभागात आमचा एक पूल आहे. यंत्रांचा आकार लहान पडतो. तो कसा बदलावा? शिवाय मागच्या महिन्यात आवृत्ती वाढवताना एका नोडवर काम अडले आणि शेवटी सगळेच फसले. ‘व्यत्ययाचे बजेट मोडेल म्हणून पॉड काढता येत नाही’ अशा आशयाचा संदेश दर पाच सेकंदांनी येत होता. (नाशिक)

उत्तर : सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर. पण त्या यंत्रांकडे जाऊन स्क्रू फिरवायची जशी सोय नाही, तसेच चालू पुलातल्या यंत्रांचा आकार तिथल्या तिथे बदलायच्या फंदातही पडू नये. हव्या आकाराचा नवा पूल काढायचा, कामे तिकडे न्यायची आणि जुना पूल मोडायचा, ही रुळलेली वाट आहे.

तिचा क्रम महत्त्वाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरमध्ये पुलांचे दोन प्रकार असतात : क्लस्टरची स्वतःची कामे चालवणारे ‘सिस्टिम’ पूल आणि आपली कामे चालवणारे ‘युजर’ पूल. किमान एक सिस्टिम पूल असावाच लागतो, आणि आपला एकच पूल आहे म्हणजे तो सिस्टिम प्रकारचाच आहे. तेव्हा नवा पूलही आधी त्याच प्रकारचा काढा, नाहीतर जुना मोडता येणार नाही. नाव बारा अक्षरांच्या आत, लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत बसवा. जोडचिन्ह चालत नाही.

नवी यंत्रे तयार झाली की जुन्या पुलातल्या सगळ्या नोडांना आधी कॉर्डन करा, म्हणजे त्यांच्यावर नवा पॉड बसणे बंद होईल. मगच एकेक नोड ड्रेन करा, म्हणजे त्यावरचे पॉड बाहेर काढा. पुष्कळ जण एक नोड कॉर्डन करतात, ड्रेन करतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात. त्यात पहिल्यावरचे पॉड दुसऱ्या जुन्या नोडवर जाऊन बसतात, तिथून तिसऱ्यावर, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या भाडेकरूसारखी त्यांची गत होते. ड्रेन करताना ‘एम्प्टी-डिर’मधला मजकूर पुसण्याची परवानगी मागितली जाते. ती देण्याआधी त्या तात्पुरत्या जागेत कुणी काही मोलाचे तर ठेवलेले नाही ना, हे पाहा. ज्या पॉडांना कायमची डिस्क जोडलेली आहे, त्यांच्याबाबत आणखी एक काळजी घ्या. डिस्क एखाद्या झोनची असेल, तर नव्या पुलात त्याच झोनमधले यंत्र असले पाहिजे, एरवी पॉड पेंडिंगमध्ये बसून राहील आणि डिस्क शेजारच्या झोनमधून त्याच्याकडे बघत राहील.

आता तो संदेश. आपण सोबत जोडलेल्या व्याख्येत त्या सेवेचा एकच पॉड आहे, आणि व्यत्ययाच्या बजेटमध्ये, म्हणजे किती पॉड चालू राहिलेच पाहिजेत हे सांगणाऱ्या पीडीबीमध्ये, ‘किमान १ उपलब्ध’ असे लिहिले आहे. एकातून एक वजा केला की उरतो शून्य, आणि किमान तर एक हवा. म्हणजे हा पॉड स्वखुशीने कधीच हलवता येणार नाही असे आपणच क्लस्टरला बजावले आहे. ‘क्यूबसीटीएल गेट पीडीबी’ ही आज्ञा द्या. ‘अलाउड डिसरप्शन्स’ या रकान्यात शून्य दिसेल, आणि आवृत्ती वाढवण्यापूर्वी तो रकाना पाहण्याची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. उपाय दोन आहेत : पॉड दोन करा, किंवा ‘किमान १ उपलब्ध’च्या जागी ‘जास्तीत जास्त १ अनुपलब्ध’ असे लिहून क्षणभराचा खंड मान्य करा. सेवा महत्त्वाची असेल तर पहिला उपाय करा, आणि नसेल तर मुळात हे बजेट लिहिलेच कशाला?

अशा अडेलतट्टू पॉडपुढे तिन्ही क्लाउड वेगवेगळे वागतात. मायक्रोसॉफ्ट ठरलेल्या मांडणीत ३० मिनिटे थांबते आणि अपग्रेड फसल्याचे कळवते. ॲमेझॉनच्या व्यवस्थापित गटात १५ मिनिटांनी तेच होते, मात्र ‘फोर्स’ दिला असेल तर पॉड जबरदस्तीने काढला जातो. गुगल एक तासापर्यंत बजेटचा मान राखते आणि नंतर पुढे जाते. मला विचाराल तर फसल्याचे ओरडून सांगणारी पद्धत बरी. गुगलवरचे लोक तासाभराने सेवा का पडली ते शोधत बसतात.

याच वाचकांनी जाता जाता लिहिले आहे की एका नोडवर आत शिरून त्यांनी काही सेटिंग हाताने बदलले आहे. तसे मीही केले होते. एका यंत्रावर एकाच वेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांची मर्यादा हाताने वाढवली, काम झाले, आणि मी ते विसरलो. चार महिन्यांनी आपोआप होणाऱ्या अपग्रेडमध्ये यंत्र बदलले, मर्यादा मूळ पदावर आली आणि रात्री अडीच वाजता मला फोन आला. पुलाच्या व्याख्येत लिहिलेले तेवढेच टिकते. आपण तो बदल आजच पुलाच्या नोड-मांडणीत हलवावा.

प्रश्न : नियंत्रक भागाची आवृत्ती वाढवली, पण पूल जुन्याच आवृत्तीवर ठेवले तर किती दिवस चालते? (नागपूर)

उत्तर : कुबरनेटिसच्या १.२८ या आवृत्तीपासून नोड नियंत्रकाच्या तीन लहान आवृत्त्यांपर्यंत मागे राहू शकतात. त्याआधी ही सवलत दोनच आवृत्त्यांची होती. नोड पुढे आणि नियंत्रक मागे, असे कधीच चालत नाही. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात, म्हणजे नियंत्रक वेळच्या वेळी वाढवत राहिलात तरी पूल वर्षभरच मागे राहू शकतो. एका आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून सुमारे १४ महिने आधार मिळतो, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही दोघेच जण सगळे सांभाळतो. पुलांचा हा व्याप टाळून गुगलचे ऑटोपायलट किंवा ॲमेझॉनवर कार्पेंटर घ्यावे का? (पणजी)

उत्तर : दोघेच असाल तर घ्यावे, असे माझे मत आहे. २०२१ साली आलेल्या ऑटोपायलटमध्ये पूल आपल्याला दिसतच नाहीत, आणि सर्वसाधारण कामांसाठी यंत्रांचे नव्हे तर पॉडांनी मागितलेल्या मेमरीचे आणि प्रोसेसरचे पैसे लागतात. म्हणजे चिंचवडच्या वाचकांनी तिथे जाऊन ७०० एमबीसाठी २ जीबी मागितले, तर फुगवलेला आकडा थेट बिलात उतरेल. आधी मागणीचे आकडे सुधारा आणि मग तिकडे जा.

कार्पेंटरमध्येही ‘नोड पूल’ हा शब्द आहे, पण अर्थ वेगळा. तिथे तो मोजून ठेवलेल्या यंत्रांचा गट नसून कोणत्या प्रकारची यंत्रे आणायला परवानगी आहे याचा नियम आहे. अडकलेले पॉड पाहून कार्पेंटर त्या नियमात बसणारे आणि त्या क्षणी सोयीचे यंत्र आणतो. नेहमीच्या गटाला कमाल संख्या असते, त्यामुळे एखाद्या रात्री चुकून हजार पॉड सुरू झाले तरी बिल तिथे अडते. कार्पेंटरच्या नियमात अशी मर्यादा आपण लिहिली तरच असते. पहिल्याच दिवशी ‘लिमिट्स’मध्ये प्रोसेसरचा आणि मेमरीचा कमाल आकडा घाला, आणि तो आजच्या गरजेच्या दुपटीहून जास्त ठेवू नका.